श्वास मोजायला एक मिनिट लागतं

मार्च १९५३च्या पहिल्या आठवड्यात मॉस्को रेडिओवरून स्टालिनच्या प्रकृतीची पत्रकं वाचली जात होती. मेंदूत रक्तस्राव झालाय, शुद्ध हरपलीय, उजवी बाजू लुळी पडलीय. मग त्यात एक नाव आलं, सामान्य श्रोत्यांनी कधीच न ऐकलेलं: चेन-स्टोक्स श्वसन. याकोव्ह रापोपोर्ट हे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ त्या वेळी तुरुंगात होते. सोव्हिएत नेत्यांना मारण्याचा कट केल्याच्या बनावट आरोपाखाली जे डॉक्टर पकडले होते, त्यांतले ते एक. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की कबुलीजबाबासाठी छळणारा तपास अधिकारी एके दिवशी भलतंच विचारू लागला. हे चेन-स्टोक्स श्वसन म्हणजे काय? असा रोगी वाचतो का? रोगी कोण हे रापोपोर्टना ठाऊक नव्हतं. बहुतेक वेळा वाचत नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. ५ मार्चच्या रात्री स्टालिन गेला आणि महिन्याभरानं रापोपोर्ट सुटले.

ज्या खुणेवरून कोठडीतल्या डॉक्टरला रोगी न बघताही भाकीत करता आलं, ती खूण पहिल्यांदा नोंदवली डब्लिनच्या जॉन चेन यांनी, १८१८ साली. साठीतला एक रुग्ण. त्याचा श्वास पाव मिनिट पूर्ण थांबायचा, मग अगदी हळू सुरू व्हायचा, वाढत वाढत धापेपर्यंत जायचा, ओसरायचा आणि पुन्हा थांबायचा. त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी १८५४ साली हृदयविकारावरच्या ग्रंथात तेच वर्णन केलं आणि दोघांचं नाव त्याला चिकटलं. श्वासाचा वेग मेंदू ठरवतो तो रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवरून. हृदय दुबळं झालं की फुप्फुसातून निघालेलं रक्त मेंदूपाशी उशिरा पोचतं, आणि मेंदूला मिळणारी बातमी शिळी असते. जुन्या इमारतीत गिझर दूर असला की नळ फिरवल्यावर पाणी उशिरा तापतं, आपण आणखी फिरवतो, मग पोळतं, मग उलटं फिरवतो. मेंदूचं तसंच होतं.

चेनकडे यंत्र कुठलंच नव्हतं. फ्रेंच डॉक्टर लाएनेकचं स्टेथोस्कोपवरचं पुस्तकसुद्धा त्यानंतर एक वर्षानं आलं. खाटेशेजारी बसून छातीकडे बघत राहणं आणि घड्याळ, एवढ्यावर काम झालं. आज आपल्याकडे नेमकं हेच होत नाही.

कुठल्याही सरकारी वा खासगी रुग्णालयातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, उघडून बघावा. ताप दशांशापर्यंत लिहिलेला, नाडी ८८, ९४, १०२ अशी वरखाली होणारी, रक्तदाब व्यवस्थित. श्वासाच्या रकान्यात मात्र वीस. सकाळी वीस, दुपारी वीस, रात्री वीस. शेजारच्या खाटेवर दम्याची बाई, पलीकडे हर्नियाचं ऑपरेशन झालेला तरुण, त्याच्यापुढे न्यूमोनियाचे आजोबा, आणि सगळ्यांचे श्वास वीसच. ही खोड फक्त आपली नाही. परदेशांतल्या पाहण्यांतही अठरा आणि वीस हे दोन आकडे संशय यावा इतक्या वेळा सापडलेत. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात श्वासाच्या गतीला ‘दुर्लक्षित’ म्हणत लेख लिहिला, तो याच वैतागातून.

वैतागाला कारण आहे. रुग्ण ढासळायला लागला की बहुतेक वेळा सगळ्यांत आधी बदलतो तो श्वास. जंतुसंसर्ग रक्तात भिनू लागला, शरीरात आम्ल साचू लागलं, फुप्फुसात पाणी भरू लागलं, तरी रक्तदाब बराच वेळ टिकून असतो. तो टिकवायला शरीर झगडत असतं आणि त्या झगड्याची पहिली खूण म्हणजे वाढलेला श्वास. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्णालयांसाठी एक गुणतक्ता आणला, २०१७ साली तो सुधारला. त्यात प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असला तर शून्य गुण. २१ ते २४ झाला की दोन. २५ किंवा त्याहून जास्त झाला, किंवा ८ वा त्याखाली उतरला, की थेट तीन. आणि एकाच बाबीत तीन गुण झाले तरी डॉक्टरला तातडीनं बोलवायचं, बाकी सगळं ठीक असलं तरी. आता ज्या वॉर्डात सगळे वीसवर आहेत, तिथे हा तक्ता लावून काय उपयोग?

दोष सिस्टरांवर ढकलणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. रात्रपाळीला एकटीकडे अख्खा वॉर्ड, सलाइनं, इंजेक्शनं, नातेवाइकांचे प्रश्न, वर कागदपत्रं. ताप, नाडी, रक्तदाब यांना यंत्रं आहेत. यंत्र लावलं की आकडा आपोआप येतो. श्वासाला पूर्ण एक मिनिट स्वस्थ उभं राहावं लागतं, आणि गजबजलेल्या वॉर्डात स्वस्थ उभी असलेली सिस्टर कामचुकार वाटते. शिवाय राउंडला येणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी श्वास किती असं शेवटचं कधी विचारलं? विचारलं जात नाही ते मोजलं जात नाही.

करोनानं यात भर घातली. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेल्या. सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघायचा, हे खेडोपाडी माहीत झालं. त्या चिमट्यानं जीव वाचले, याबद्दल दुमत नसावं. करोनात काही रुग्णांचा ऑक्सिजन धोक्याइतका उतरलेला असूनही त्यांना दम लागत नव्हता, तिथे तो चिमटाच कामाचा होता. पण साथ ओसरली आणि चिमट्यावरचा विश्वास तेवढा उरला. “ऑक्सिजन सत्त्याण्णव आहे, घाबरू नका,” हे वाक्य आता दवाखान्यातही ऐकू येतं आणि घरातही. सत्त्याण्णव कशाच्या जोरावर आहे, ते चिमटा सांगत नाही. मिनिटाला बत्तीस वेळा छाती उपसून माणूस तो आकडा टिकवत असेल तर दमल्यावर तो एकदम कोसळणार. उलट, झोपेच्या किंवा अफूजन्य औषधांनी श्वास मिनिटाला सात-आठवर आला असेल आणि नाकाला ऑक्सिजनची नळी असेल, तर आकडा छान दिसत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साचत जातो.

श्वास मोजणं किती साधं करता येतं याचा दाखला महाराष्ट्रातच आहे, तोही गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गावांत बाळांच्या न्यूमोनियावर काम सुरू केलं. डॉक्टर नाही, एक्स-रे नाही. बाळ वाचवायचं तर गावातच कुणीतरी न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला हवं होतं. ओळखायचं कसं, तर श्वासावरून: दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त, त्यापुढचं पन्नास किंवा जास्त. अडचण अशी की गावातल्या सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. यावर बंग दांपत्यानं श्वास मोजायचं एक साधन केलं. एक मिनिटाची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. घडी उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोचला, तर न्यूमोनिया. लहान बाळाची आणि मोठ्या बाळाची मण्यांची ओळ वेगळी. हे सगळं झबलं वर करून, बाळ शांत असताना, रडत किंवा अंगावर पीत असताना नाही.

१९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या कामाचे निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्साझोल दिलं, तिथे न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. पुढे आशाताईंच्या प्रशिक्षणात श्वास मोजणं आलं, २०१९च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारचं ‘सांस’ अभियान आलं. तरी मेळघाटात बाळाचं पोट फुगलं, ते धापा टाकू लागलं, की पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याच्या ‘डंबा’ प्रथेच्या बातम्या अजून येतात. धाप आईला दिसते, आजीला दिसते, ‘पोट उडतंय’ हे कुणालाही दिसतं. पुढे कुठं जायचं, तिथे वाट चुकते. आणि हेही कबूल करायला हवं की त्या वाटेवरचं आरोग्य केंद्र पुष्कळदा बंद असतं.

गडचिरोलीची सुईण मणी सरकवत पूर्ण मिनिट मोजते आणि शहरातल्या पंचतारांकित इस्पितळात वीस लिहून मोकळे होतात, हे आपल्या वैद्यकीय व्यवस्थेचं खरं चित्र आहे.

वेग हा अर्धाच भाग. श्वास कसा चाललाय, हेही बघावं लागतं. १८७४ साली आडोल्फ कुसमाउल या जर्मन डॉक्टरनं मधुमेहाच्या अत्यवस्थ रुग्णांचा श्वास टिपून ठेवला: खोल, मोठा, एकामागून एक, जणू हवा कितीही घेतली तरी पुरत नाही. छातीला नळी लावली तर आवाज स्वच्छ. रक्तात आम्ल साचलेलं असतं आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर फेकू बघत असतं. आपल्याकडे आजही एखाद्या शाळकरी पोराचा टाइप वन मधुमेह पहिल्यांदा कळतो तो याच अवस्थेत. महिनाभर पोरगं घटाघटा पाणी पीत असतं, वाळत असतं, रात्री उठून लघवीला जात असतं. एके दिवशी उलट्या, पोटदुखी आणि भात्यासारखा श्वास. दम्याचं औषध, न्यूमोनियाचं इंजेक्शन असं करत दोन दिवस जातात. बोटातून रक्ताचा एक थेंब काढून साखर बघितली असती तर पहिल्या दवाखान्यातच कळलं असतं.

पावसाळ्यातल्या मण्यारीच्या दंशाची तऱ्हा आणखी फसवी. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार रात्री चावते, सूज नाही, वेदना जवळजवळ नाही, दाताची खूणही धड सापडत नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही. श्वासाचे स्नायू गळू लागतात तेव्हा धापा नसतात, आरडाओरडा नसतो. श्वास नुसता उथळ होत जातो, आणि उथळ श्वास घाईत असलेल्या माणसाला शांत झोपेसारखा दिसतो. ग्रामीण रुग्णालयांतले जाणते डॉक्टर इथे एक बिनपैशाची चाचणी करतात. रुग्णाला भरपूर श्वास घ्यायला सांगायचा आणि एका दमात मोठ्यानं आकडे म्हणायला लावायचे. हुतूतू खेळलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. धडधाकट माणूस चाळिशीच्या आसपास सहज जातो. रुग्ण पहिल्या तासाला तीस, पुढच्याला बावीस, त्यापुढे चौदा म्हणू लागला, तर ऑक्सिमीटर काहीही दाखवो, व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवायची वेळ झाली. फवारणीच्या विषबाधेतही असंच. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हा या विषांची चर्चा राज्यभर झाली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषात पहिला धोका टळल्यावर, एक ते चार दिवसांत, मानेचे आणि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. ‘आता बरा आहे’ म्हणून बाहेरच्या खाटेवर हलवलेल्या रुग्णाला उशीवरून डोकं उचलता येत नसेल, तर ती थकव्याची गोष्ट नव्हे.

आता आचके. यात चूक झाली तर सुधारायला मिनिटंही मिळत नाहीत. हृदय अचानक बंद पडलं तरी मेंदूच्या तळाचा भाग थोडा वेळ जिवंत असतो आणि तो अधूनमधून एखादा मोठा, घोरल्यासारखा, जबडा उघडून घेतलेला श्वास काढतो. सिएटल परिसरातल्या रुग्णवाहिका सेवेच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा सुमारे ४० टक्के रुग्णांमध्ये आचके आढळले होते. बघणाऱ्याला काय वाटतं? श्वास आहे, म्हणजे जीव आहे. मग कांदा हुंगवा, तोंडावर पाणी मारा, गर्दी हटवा, रिक्षा बोलवा. छातीवर दाब द्यायला कुणी पुढे होत नाही. म्हणून सिएटलमध्ये फोन उचलणारा कर्मचारी दोनच प्रश्न विचारतो: तो शुद्धीत आहे का? श्वास नेहमीसारखा चाललाय का? दोन्हींना ‘नाही’ आलं की लगेच छाती दाबायला सांगायचं, पुढची चौकशी नंतर. प्रश्नात ‘नेहमीसारखा’ आहे म्हणून तो उपयोगी. ‘श्वास आहे का’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘आहे’ असंच येणार.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन कोसळला तेव्हा संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसेन धावत पोचले. त्यांनी नंतर सांगितलं की ते गेले तेव्हा एरिक्सन कुशीवर होता, श्वास चालू होता, नाडी लागत होती, आणि बघता बघता ते बदललं. त्यांनी तत्काळ छाती दाबायला सुरुवात केली, विजेच्या एका झटक्यात हृदय सुरू झालं. पुढच्या वर्षी तो पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळत होता. एकदा श्वास बघून ते उठले नाहीत, बघत राहिले, म्हणून वेळ साधली. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली सामान्य माणसासाठी तोंडाला तोंड न लावता फक्त छाती दाबण्याची पद्धत आखून दिली आहे. ती शिकायला अर्धा तास पुरतो. गणेशोत्सवात मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात, त्यात रक्तातली साखर तपासण्याबरोबर हे शिकवायला काय हरकत आहे?

याच्या उलट प्रसंगही घरोघर येतो, आणि तिथे आपण नको तेवढी धावपळ करतो. नव्वदीची आजी, कॅन्सर सर्वांगात पसरलेला काका, डॉक्टरांनी घरी न्या म्हटलेलं. शेवटच्या एक-दोन दिवसांत ऊर्ध्व लागतो. चेनने वर्णन केलेला तोच वरखाली होणारा श्वास, मधली पोकळी लांबत जाणारी, घशात घरघर. घरातले गांगरतात आणि रात्री दोनला आजीला उचलून अतिदक्षता विभागात नेतात. घशात नळी जाते, हात बांधले जातात, आणि माणूस काचेपलीकडे जातो. शेवटची घरघर बहुधा गिळता न येणाऱ्या लाळेची असते. ती ऐकणाऱ्याला असह्य होते, पण गाढ बेशुद्धीतल्या रुग्णाला तिचा त्रास फारसा होत नसावा, असं परिहार सेवेतले डॉक्टर सांगतात. कुशीवर वळवणं, ओठ ओले करणं, चेहऱ्यावर पंख्याची झुळूक येऊ देणं, लाळ कमी करणारं इंजेक्शन, दम कोंडत असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं मॉर्फिनचं छोटं प्रमाण, एवढ्यानं खूप फरक पडतो. नळी घालून सतत ओढत राहण्यानं सहसा पडत नाही.

मुंबईत शांती अवेदना सदन १९८६पासून हे काम करतंय, त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७पासून आहे. २०१४च्या कायदादुरुस्तीनं मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी झाली. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली उपचार नाकारण्याचं इच्छापत्र मान्य केलं, २०२३मध्ये त्याची पद्धत सुटसुटीत केली. एवढं असूनही घरी पाठवताना कुणी डॉक्टर नातेवाइकांना पाच मिनिटं बसवून सांगत नाही की आता श्वास असा असा बदलत जाईल, तेव्हा हे करा आणि हे करू नका. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची वेळ असते, याबद्दल एक ओळ नसते. ती ओळ नसल्यामुळे किती कुटुंबांनी शेवटची रात्र बिलाच्या काउंटरवर काढली असेल!

आचके आणि ऊर्ध्व यांत फरक श्वासाच्या आवाजावरून करू नये. तो माणसावरून करायचा. चालताबोलता माणूस अचानक कोसळला आणि आचके देऊ लागला, तर एक सेकंद न दवडता छाती दाबा. महिनोन्‌महिने खंगलेल्या, ज्याच्यासाठी डॉक्टरांशी बोलून घरीच ठेवायचं ठरलंय अशा माणसाचा श्वास अडखळू लागला, तर त्याच्याजवळ बसा. हे ठरवायची वेळ रात्री दोनची नव्हे. ते आठवडाभर आधी, सगळ्या भावंडांच्या देखत बोलून घ्यावं.

सरकारनं आणि रुग्णालयांनी करायचं ते फार खर्चाचं नाही. टीपीआर चार्टवर श्वासाचा रकाना पहिला घ्यावा आणि तो पूर्ण मिनिट मोजून भरायचा, असं ठरवावं. आकडा पंचवीस वा त्यावर गेला किंवा आठ वा त्याखाली उतरला तर सिस्टरनं थेट वरिष्ठ डॉक्टरला उठवावं आणि त्याबद्दल तिला बोल लावू नये. परिचारिकांची भरती रखडलेली असताना या मागणीला अर्थ नाही, हेही त्याच दमात सांगायला हवं. १०८वर फोन उचलणाऱ्यानं सिएटलमधले ते दोन प्रश्न मराठीत, रोजच्या शब्दांत विचारावेत.

घरात आजारी माणूस असेल तर त्याच्या नकळत, मनगट धरून नाडी बघतोय असं दाखवत, पोटाकडे नजर ठेवून मिनिटभर श्वास मोजा आणि कागदावर वेळ घालून लिहा. बरं असतानाचा आकडा माहीत असला तर बिघडल्याचा कळतो. मोठ्या माणसाचा पंचविशीकडे सरकला, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा चाळीसवर गेला, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाऊ लागला, बोलताना वाक्य तुटू लागलं, की सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन लागला की पत्ता आणि वय सांगतानाच सांगा: हाक मारल्यावर जागा होतो की नाही, श्वास नेहमीसारखा आहे की नाही, आणि मिनिटाला किती आहे.